मुंबईचा उन्हाळा, कॅमेरा आणि तिथीची पाऊणपट

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही मालाडला राहता. जुना कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची झूम लेन्स घेऊन हिवाळाभर पक्षी टिपलेत, आणि बरे टिपलेत. आता एप्रिल लागला. पाहुणे पक्षी परतले, सकाळी आठलाच ऊन चटके देतं, आणि शिवडीला भर दुपारी काढलेले फ्लेमिंगो पांढरेफटक आणि धूसर आले. जो तो सांगतोय की उन्हाळ्यात मुंबईत काही नाही, ताडोबा गाठ. तो खर्च झेपणारा नाही. तर पाऊस पडेपर्यंत मुंबईतच काय काढावं, कुठे काढावं, आणि धूसर फोटोंवर उपाय म्हणून कर्ज काढून ६०० मिमीची लेन्स घ्यावी का?

लेन्सचं आधी सांगतो, कारण तिथे पैसे अडकलेत: आत्ता घेऊ नका. कारण पुढे येईलच.

पण तुमचं लिहिणं वाचून मला अडचण वेगळीच वाटते. हिवाळ्याने तुम्हाला हिंडायची सवय लावली. डिसेंबरात ते चालून जातं, पक्षी दिवसभर चरत असतात, ऊन कोवळं असतं, चार जागा फिरलात की काहीतरी हाती लागतंच. उन्हाळ्यात प्राण्यांचा दिवस आखडतो. ते सावलीत असतात, पाण्यावर असतात, फुललेल्या नाहीतर फळलेल्या झाडावर असतात, किंवा खाडीत भरती-ओहोटीच्या मागेपुढे असतात. या चार ठिकाणांपलीकडे ते विनाकारण हलत नाहीत. तुम्ही मात्र सकाळी साडेनऊला घरातून निघून दुपारपर्यंत हिंडता. उन्हाळ्यात बसायचं असतं. आणि कुठे बसायचं याच्याआधी कधी बसायचं हे ठरवायचं असतं. मी गेली अनेक वर्षं याच शहरात उन्हाळाभर फोटो काढतोय, आणि माझी चांगली चित्रं जवळजवळ सगळी एका जागी ठिय्या मारून मिळालेली आहेत.

आता त्या धूसर फ्लेमिंगोंकडे येऊ. ओहोटीला उघडा पडलेला चिखल उन्हात तापतो. त्याच्यावरची हवा तापून वर चढते, थंड हवा तिची जागा घेते, आणि या गरम-गार थरांतून येणारा प्रकाश सतत वाकडातिकडा होत राहतो. डांबरी रस्त्यावर दुपारी जी थरथर दिसते तीच ही. दोनशे मीटरवरच्या पक्ष्याचा प्रकाश एवढ्या थरथरत्या हवेतून तुमच्यापर्यंत पोचतो, तेव्हा कुठलीही लेन्स तो सरळ करू शकत नाही. ६०० मिमीची लेन्स लावलीत तर पक्षी मोठा दिसेल आणि थरथरही तेवढीच मोठी दिसेल.

खात्री करायची असेल तर सोपी चाचणी आहे. कॅमेरा तिवईवर किंवा कठड्यावर पक्का ठेवा, लांबची न हलणारी वस्तू निवडा, एखादा खांब किंवा नांगरलेली होडी. फोकस एकदा साधून मॅन्युअल करा आणि दहा-बारा फोटो लागोपाठ काढा. घरी मोठे करून शेजारी शेजारी बघा. काही तीक्ष्ण, काही विरघळल्यासारखे, आणि प्रत्येकात कडा वेगळ्या ठिकाणी वाकलेल्या दिसल्या तर दोष हवेचा. सगळे सारखेच मऊ दिसले तर लेन्स किंवा फोकस तपासा. हीच चाचणी सकाळी साडेसहाला आणि दुपारी एकला करून बघा. गाडीत एसी लावून खिडकीतून फोटो काढणाऱ्यांनाही हाच त्रास होतो. खिडकीपाशी गार आणि गरम हवा मिसळते आणि लेन्सच्या तोंडाशीच थरथर उभी राहते. एसी बंद करून काचा उघड्या टाका, थोडा वेळ जाऊ द्या, मग काढा.

या त्रासावर खरा उपाय दोनच: सूर्य तापायच्या आत किंवा कलल्यावर काढणं, आणि पक्षी जवळ येईल अशा वेळी तिथे असणं. दुसरी गोष्ट भरतीच्या हातात आहे, आणि भरतीचं वेळापत्रक तुमच्या घरातल्या भिंतीवर टांगलेलं आहे.

किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. पंचमी असेल तर पावणेचार. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. दिवसातून दोनदा भरती, म्हणजे तीच वेळ पहाटेची किंवा सकाळची आणि दुपारची किंवा संध्याकाळचीही. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि ठाणे खाडीत जसजसं आत जाल तसतसं पाणी मुंबई बंदरापेक्षा उशिरा चढतं. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीचं छापील किंवा मोबाइलवरचं कोष्टक बघाच. पण महिन्याची आखणी करायला कालनिर्णय पुरतं.

फ्लेमिंगो चिखलात खातात. पूर्ण ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेकडेने दूर निघून जातात, तुमच्या लेन्सला ते गुलाबी ठिपके. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि ते उडून आसऱ्याच्या तळ्यांवर जातात. मधली वेळ आपली. पाणी चढत असताना भरतीला अडीच-दोन तास उरले की पाणीच त्यांना काठाकडे रेटत आणतं. तुम्ही पुढे सरकायची गरज नसते. चिखलात उतरून त्यांच्याकडे चालत जाणारे लोक दिसतात, त्यांच्यामुळे सगळा थवा उठतो आणि खाण्याचा मोलाचा वेळ वाया जातो. शिवाय तो चिखल मांडीपर्यंत गिळतो. उतरू नका.

आता उजेड. शिवडी आणि भांडुप खाडीच्या पश्चिम काठावर आहेत, म्हणजे तुमचं तोंड पूर्वेला. सकाळी सूर्य समोर, पक्षी काळे. दुपारी साडेतीन-चारनंतर सूर्य पाठीशी येतो आणि गुलाबी रंग खुलतो. नवी मुंबईच्या बाजूला उलट: खाडीकडे बघताना तोंड पश्चिमेला, म्हणून सकाळ चांगली. या दोन गोष्टी जोडा. अष्टमी ते दशमीला भरती संध्याकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान पूर्ण होते, म्हणजे चार-पाचच्या सुमारास शिवडीला पाणी चढतंय, पक्षी जवळ येतायत आणि ऊन तुमच्या पाठीमागून तिरपं पडतंय. महिन्यात असे दिवस दोनदा येतात. त्याच दिवसांत सकाळीही भरती सहा-सातच्या आसपास असते, तेव्हा नेरुळच्या बाजूची तळी बघा, तिथे पक्षी भरतीच्या वेळी विसाव्याला येतात. एक अडचण सांगून ठेवतो. हे दिवस भांगाचे, पाणी उधाणासारखं चढत नाही, त्यामुळे सगळा थवा तळ्यांवर येईलच असं नाही. उधाणाच्या दिवसांत तो येतो, पण तेव्हा भरती भर दुपारी. निवड तुम्हाला करावी लागेल. मी उजेड निवडतो.

फ्लेमिंगो अजून आहेत का, असंही तुम्ही विचारलंय. आहेत. साधारणपणे मेअखेर, पाऊस तोंडावर येईपर्यंत बरेच थांबतात. आपल्याकडे जास्त संख्या धाकट्या रोहितची, म्हणजे लेसर फ्लेमिंगोची, आणि उन्हाळ्यात पूर्ण वाढलेल्यांचा रंग बघण्यासारखा असतो. थव्यात राखाडी दिसतात ती लहान वयाची पिल्लं, त्यांना फोटोतून वगळू नका. मोठ्या गुलाबी पक्ष्यांमध्ये एक राखाडी पिल्लू, हे चित्र नुसत्या गुलाबी गर्दीपेक्षा जास्त बोलतं. ठाणे खाडीचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. ऐरोलीच्या केंद्रातून वनविभागाची बोटीची फेरी भरतीच्या वेळेनुसार सुटते, पहिल्यांदा जाणाऱ्याला ती सोयीची. शिवडीला अटल सेतूचे खांब आता चौकटीत येतात. टाळता येत नसतील तर त्यांना घेऊनच चित्र रचा, हे मुंबईचे फ्लेमिंगो आहेत. जेट्टीवर किंवा भांडुपला जायला बंदी आहे की मोकळीक, हे अधूनमधून बदलतं. निघण्याआधी चौकशी करा.

आता मालाडकराच्या हक्काची गोष्ट, जिच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत. मढ, आक्सा, एरंगळ तुमच्या बसच्या अंतरावर आहेत, आणि उन्हाळ्यात मुंबईतला सगळ्यात श्रीमंत विषय मला तिथे दिसतो. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात जास्त असतो. प्रतिपदा-द्वितीयेला दुपारी पाऊण ते दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसहा ते सव्वासातला खोल ओहोटी. एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे, आणि सूर्य नुकता वर आलेला. उन्हाळ्यात यापेक्षा सोयीची वेळ नाही.

खडकातल्या खळग्यांत समुद्रफुलं, म्हणजे दगडाला चिकटलेले फुलासारखे दिसणारे प्राणी असतात, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात घर केलेले खेकडे असतात, नशीब असेल तर ऑक्टोपस. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या या जीवांची नोंद ठेवण्याचं काम २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम करतोय. त्यांच्यासारख्या जाणत्या लोकांबरोबर एकदा फिरलात तर डोळा तयार होतो. खळग्यातल्या पाण्यावर आभाळ चमकतं, तिथे पोलरायझर फिल्टर लावा, किंवा छत्रीची सावली पाडा. दगड उलटलात तर जसा होता तसा परत ठेवा, खालची बाजू खालीच. उन्हात उताणा राहिलेला दगड म्हणजे त्याच्या पोटाला चिकटलेल्या सगळ्यांचं मरण. शंखांना उघड्या हाताने उचलू नका, शंकूसारख्या काही शंखांना विषारी डंख असतो. कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात, तेव्हा पायात जाड तळाचे बूट. आणि ओहोटी वळली की तुम्हीही वळा. पाणी खळग्याखळग्यांतून पाठीमागून भरत येतं.

वाळूच्या भागात एक फोटो तुम्ही काढाच. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसते. ते काम नखाएवढ्या खेकड्याचं. बिळातून बाहेर येतो, वाळू तोंडाशी नेतो, त्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे ढकलतो. बिळाभोवती किरणांसारख्या रांगा तयार होतात आणि भरती येऊन सगळं पुसून टाकते. तुमच्या पावलाची चाहूल लागली की पन्नास फुटांतले सगळे बिळात गडप. तिथेच पोटावर झोपा. लेन्स वाळूच्या पातळीला, खाली एक पंचा. हलू नका. पाचेक मिनिटांत एक डोकावतो, मग दुसरा, मग सगळी वाळू पुन्हा कामाला लागते. तुमची ७०-३०० साधारण दीड मीटरवरून फोकस करते, या कामाला तेवढं पुरे आहे. डोळे देठांवर उभे असतात, फोकस त्या डोळ्यांवर. मागून सकाळचं ऊन आलं तर एकेका गोळीची सावली पडते आणि खेकडा कारखान्याच्या अंगणात उभा असल्यासारखा दिसतो. खाडीच्या बाजूला, मार्व्याकडे तिवरांच्या मुळांशी निवट्या नावाचे मासे असतात, चिखलावर पोटाने सरकणारे, नर पाठीवरचे पर उभारून उडी मारणारे. त्यांनाही हीच युक्ती चालते.

इथवरचं एका ओळीत लिहून ठेवा: अष्टमी ते दशमी संध्याकाळी खाडी, प्रतिपदा-द्वितीयेला सकाळी खडक. महिन्याचे चांगले आठ-दहा दिवस यातच भरतात. उरलेल्या दिवसांना झाड.

पळस आणि काटेसावर तुम्ही आता चुकवलेत, ते फेब्रुवारी-मार्चचे. पांगारा सरत आला असेल. पण बहावा एप्रिल-मेचा, ताम्हण त्याच सुमाराचं, आणि वड-उंबरांची फळं. चालत जाता येईल असं एकच झाड निवडा. सोसायटीतलं, रस्त्याकडेचं, आरेतलं, कुठलंही. रोज सकाळी सहा ते आठ त्याच झाडाखाली बसा. पहिले दोन-तीन दिवस फोटो कमी काढा आणि बघा: कोण कुठल्या फांदीवर उतरतं, खाऊन कुठे जातं, ऊन कधी कुठल्या बाजूला पोचतं. वडाच्या लाल फळांवर तांबट येतो, कोकीळ जोडी येते, गोरेगाव-आरेच्या पट्ट्यात राखी धनेशही येतो. धनेश फळ चोचीच्या टोकाने तोडतो, वर उडवतो आणि घशात झेलतो. तो क्षण झेलायचा तर पक्षी फळ तोडतोय तेव्हाच बोट दाबायला सुरुवात करा, फळ उडाल्यावर उशीर झालेला असतो. १/१६०० किंवा त्याहून वेगवान शटर, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ऑटोवर.

बहाव्याखाली मात्र पक्ष्यांची वाट बघू नका, भुंगे बघा. काळा सुतार-भुंगा फुलावर उतरतो तेव्हा घोंगावण्याचा आवाज एकदम बदलतो, बारीक आणि चढा होतो. फूल घट्ट धरून तो अंग थरथरवतो आणि त्या कंपनाने पुंकेसरांतले पराग मोकळे होतात. बहाव्याच्या फुलात तीन पुंकेसर लांब, बाकदार असतात, त्यांचे पराग त्याच्या अंगाला लागतात आणि तो ते पुढच्या फुलावर नेतो. कान लावून बसलात तर तो आवाज बदलला की बटण, असा ताल जमतो. खाली झुकलेला घोस निवडा, मागे इमारतीची किंवा दाट झाडाची सावली येईल असे उभे राहा. पिवळं फूल आणि काळा भुंगा गडद पार्श्वभूमीवर असे उठून दिसतात की फोटोवर नंतर काही करावं लागत नाही. याच झाडाची पानं एमिग्रंट फुलपाखरांच्या अळ्या खातात. पानांच्या खालच्या बाजूला शोधा.

सरडा विसरू नका. बागेतल्या नेहमीच्या सरड्याच्या नराचं डोकं आणि गळा या दिवसांत लाल होऊ लागतो, कुंपणावर बसून तो दंडबैठका काढतो. रोज तोच खांब, तीच वेळ. नवशिक्याला यापेक्षा चांगला विषय सुचवता येणार नाही.

भर दुपारबद्दल. लोक अकरा ते चार कॅमेरा कपाटात ठेवतात. खुल्या जागेसाठी ते बरोबरच आहे. मुंबईत १५-१६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. त्याच्या आगेमागे महिनाभर दुपारचं ऊन जवळजवळ सरळ खाली पडतं: पाठ पांढरी, पोट काळं, डोळा खोबणीत बुडालेला. तुमचे पांढरेफटक फोटो यातूनच आले. पण नेमकं याच वेळी पक्ष्यांना पाणी लागतं. दाट झाडाच्या सावलीत, झुडपाला लागून, मातीचं पसरट भांडं ठेवा, पाणी दोन बोटं खोल. मांजर दबा धरून बसेल इतकं झुडूप जवळ नको. पाणी रोज बदला आणि भांडं घासा, साचलेल्या पाण्यात डास होतात आणि पक्ष्यांना रोगही. शेजारी एक खडबडीत फांदी रोवा, पक्षी आधी तिच्यावर उतरतो. तळमजल्याच्या खिडकीतून किंवा पडद्याआडून बसा. बुलबुल, शिंपी, दयाळ, नाचण दुपारी अंघोळीला येतात. सावलीतला उजेड मऊ असतो, पण चौकटीत मागे उन्हाचा एकही तुकडा येऊ देऊ नका, तो डोळा खेचून नेतो. पाणी ठेवणं ठीक. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून बोलावणं ठीक नाही. विणीच्या काळात नर आपली हद्द राखायला धावून येतो, पिल्लांना भरवायचं सोडून.

उन्हात पांढरा बगळा काढायचाच असेल तर एक्स्पोजर एक स्टॉपभर उणे करा, म्हणजे उजेड निम्मा, आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये घ्या. सावलीतला तपशील नंतर थोडा उजळता येतो, जळालेलं पांढरं पीस परत येत नाही. कावळ्याला उलट, थोडं अधिक. बाकी सेटिंगचा घोळ घालू नका.

आता जे मला कळकळीने सांगायचंय ते. उन्हाळा आपल्याकडच्या कित्येक रहिवासी पक्ष्यांच्या विणीचा काळ आहे आणि घरट्याचे फोटो सोपे असतात, म्हणून सगळे तिकडे वळतात. घरट्याचा फोटो काढायचा म्हणून समोरची फांदी बाजूला करून बांधतात, पानं खुडतात. ती पानंच पिल्लांचं छप्पर असतात. मेच्या उन्हात उघडी पडलेली पिसं नसलेली पिल्लं फार थोड्या वेळात मरतात, आणि तुम्ही निघून गेल्यावर मरतात, म्हणून तुम्हाला कळतही नाही. कावळे माणसाच्या नजरेचा माग काढतात, तुम्ही जिथे वाकून बघता तिथे ते नंतर जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणं हे शिकारीच्या व्याख्येतच धरलंय.

माझी कसोटी अशी. आई किंवा बाप चोचीत भक्ष्य घेऊन आला, पण घरट्यात न जाता आजूबाजूला फांद्या बदलत ओरडत राहिला, तर मी फार जवळ आहे. त्याच क्षणी उठून मागे जायचं, फोटो झाला असो वा नसो. तांबटासारखा ढोलीत राहणारा, रहदारीला सरावलेला पक्षी असेल तर रस्त्यापलीकडून ३०० मिमीने चार फोटो काढायला माझी हरकत नाही. वाटीसारख्या उघड्या घरट्यांना मी कॅमेरा लावतच नाही. आणि घरट्याची जागा कुणाला सांगू नका, फोटोबरोबर लिहू नका. पाऊस लागला की तिबोटी खंड्या येईल आणि मुंबईच्या आसपासच्या जंगलांत त्याच्या बिळातल्या घरट्यापुढे कॅमेऱ्यांची रांग लागेल. त्या रांगेत तुम्ही नसावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाबद्दल विचारलंत, तर उन्हाळ्यात पानगळ झालेली असते, नजर दूरवर पोचते, आणि ओढ्यांत उरलेल्या डबक्यांपाशी हालचाल असते. सोमवारी बंद असतं. ठरलेल्या वाटांवर, परवानगी लागते तिथे ती घेऊन आणि वाटाड्याबरोबर जा. बिबट्याच्या मागे पायी जाऊ नका, आरेतही संध्याकाळनंतर एकट्याने झुडपांत बसू नका. जमिनीलगत वाकून बसलेला माणूस त्याला माणसासारखा दिसत नाही. रात्री पाणवठ्यावर बसायची हौस असेल तर महाराष्ट्रातल्या बऱ्याच अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेला मचाणावरून प्राणीगणना होते, तिथे नाव नोंदवता येतं का बघा. पुढच्या वर्षी, या वर्षी खडक आणि झाड पुरे.

अंगाला आणि कॅमेऱ्याला जपा. मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून तापमापीतला आकडा कमी वाटला तरी शरीर तापत राहतं. पाण्याबरोबर ओआरएसची पुडी किंवा मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत ठेवा. डोकं गरगरलं किंवा मळमळलं तर तो दिवस तिथेच थांबवा. कॅमेऱ्याचं म्हणाल तर एसीच्या खोलीतून पहाटे थेट बाहेर काढलात की काचेवर दव धरतं. रात्री बॅग एसी नसलेल्या खोलीत ठेवा, नाहीतर बाहेर पडल्यावर अर्धा तास बंद राहू द्या. समुद्रावरून आल्यावर किंचित ओल्या कापडाने पुसा, मीठ राहता कामा नये. मृगाच्या आधी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल आणून ठेवा, मुंबईत लेन्सला बुरशी पावसाळ्यातच लागते.

राहिला लेन्सचा निर्णय. तो परिस्थितीवर आहे. तुम्हाला पुढे फक्त खाडीतले पक्षीच काढायचे असतील आणि वर सांगितलेली चाचणी सकाळच्या थंड हवेत करूनही पक्षी छोटाच पडत असेल, तर लांब लेन्सचा विचार रास्त आहे, आणि तेव्हाही आधी भाड्याने आणून एका दशमीला शिवडीला वापरून बघा. पण खडक आणि बहावा यांत तुमचं मन रमलं, तर लागेल ती अगदी जवळून काढायची मॅक्रो लेन्स, किंवा तूर्त त्याच ७०-३०० ला लावायची क्लोज-अप काच, जी लेन्सच्या तुलनेत फारच स्वस्तात मिळते. येत्या पौर्णिमेनंतरची प्रतिपदा कधी आहे ते आज कॅलेंडरात बघा, आदल्या रात्री बूट आणि पंचा पिशवीत टाका आणि साडेसहाच्या आत मढला पोचा.